म्हातारीची मोळी

शाळेत असताना मी उडायचे. फुशारकी नाही, त्या वर्षांत आमच्या फैजपूरकडे पीटीच्या तासाला मुलींना उडता चेंडू शिकवतच असत. मैदानाच्या दोन्ही टोकांना उंच बांबू, त्यावर सायकलची जुनी रिंग आणि तिच्यातून चेंडू टाकायचा. उडण्याची रीत सोपी होती. डोक्यावर ओझं घेऊन यायचं आणि रेघेपाशी ते उतरवायचं. ओझं उतरलं की मान जी हलकी होते, तीच माणसाला वर नेते. खाली यायचं झालं की सर वीट फेकत. ती झेलली की पाय जमिनीला.

बाकीच्या मुली डोक्यावर दप्तर घेऊन यायच्या आणि कमरेइतक्या उंच जायच्या. मी केळीचा घड आणायचे. सुट्टीभर आईबरोबर मळ्यातून ट्रकपर्यंत घड वाहून माझी मान तयार झाली होती. मी बांबूच्याही वर जायचे. पायात काही नाही, गुडघ्यांना खपल्या, आणि कोणी वेणी ओढली तर चावायलाही कमी करायचे नाही.

दहावीला धुळ्याचे सामने आले. तिथे निवड झाली तर वसतिगृहात राहून अकरावी करता येणार होती. नाही झाली तर शाळा संपली, मळा सुरू. मला ती निवड इतकी हवी होती की पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा मी भज्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

घड मात्र आम्ही बरोबर नेलाच नाही. "केळीचा घड काय, कुठेही मिळेल," सर म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. केळीच्या मुलखातली माणसं आम्ही! धुळ्यात केळी हातगाडीवर डझनाने मिळत होती.

शिट्टी व्हायची वेळ आली. मैदानाच्या फाटकाशी एक म्हातारी लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन उभी होती, डोंगराकडच्या गावची, विकायला निघालेली. मी धावले. "आजी, एवढी रेघेपर्यंत नेऊ दे, खेळ झाला की परत देते." तिने मान वाकवली. मोळी डोक्यावर आली तेव्हा घड म्हणजे पोरखेळ वाटला. रेघेपाशी ती टाकली आणि मी अशी उठले की तिथल्या शाळेची कौलं वरून दिसली.

शेवटपर्यंत बरोबरी होती. चेंडू माझ्या हातात, रिंग समोर, खालून सर ओरडत होते, "टाक, टाक!" तेवढ्यात चिंचेच्या शेंड्याच्या वर मला ती म्हातारी दिसली. ओझं तिचंही उतरलं होतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ती वर वर चालली होती.

मी चेंडू सोडला. मोठेपणा वगैरे काही नाही; मोळी मी घेतली होती. जाऊन तिचा हात धरला. ती घाबरलेली नव्हती. डोळ्यांवर आडवा हात धरून लांब डोंगराकडे बघत होती. "आठून मन्हं गाव दिखस वं," ती म्हणाली आणि हसली. मला रडूच आलं. खाली शिट्टी झाली. आम्ही हरलो होतो, आणि निवड करणाऱ्या बाईंनी पेन पर्समध्ये ठेवलं.

सरांनी फेकलेली वीट झेलून मी म्हातारीला ओढत खाली आणलं. पण तिचे पाय जमिनीला लागेनात. वीतभर वरच राहिले. तिच्या हातात एक वीट दिली, दुसरी दिली, मुलींनी आणखी आणून दिल्या. काही फरक नाही. एवढ्या जन्माच्या ओझ्यापुढे विटा काय करणार?

"मन्ही मोयी दे, बेटी," ती म्हणाली. "माले घर जानं शे."

तिने पदराची चुंबळ नीट केली आणि मान ताठ धरली. मोळी उचलून मीच तिच्या डोक्यावर ठेवली. तेव्हा कुठे तिचे पाय जमिनीला टेकले.