वर्दी उतरवलेले कर्नलसाहेब

"मी शब्द दिलाय ना? मग झालं तर." एवढं बोलून कर्नलसाहेब खुर्चीतून उठायचे आणि विषय संपायचा.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर जालन्यात फौजेचा तळ पडला, त्याचे ते प्रमुख. मूळचे साताऱ्याकडचे. इथले सगळे कागद उर्दूत, म्हणून तहसिलीतून मला त्यांच्या मदतीला दिलेलं. शब्द देण्याची त्यांना भारी हौस. राजूरच्या एका म्हातारीची म्हैस हरवली, तर तिलाही शब्द दिला आणि दोन जवान पिटाळले. म्हैस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. जवान मात्र वाट चुकून दुसऱ्या दिवशी उगवले. आम्ही कचेरीत पोट धरून हसलो.

पुढचा शब्द हसण्यासारखा नव्हता. कुंभार पिंपळगावाकडच्या एका खेड्यातली मणेरांची घरं त्या धामधुमीत जळाली होती. पिढ्यान्‌पिढ्या गावाला बांगड्या भरणारी ही मुसलमान माणसं जीव मुठीत घेऊन जालन्याला आली होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या चाचांना साहेबांनी शब्द दिला, की गावात पोलीस चौकी बसेपर्यंत माझे जवान हलणार नाहीत. त्या भरवशावर ती माणसं गावात परतली, घरं पुन्हा शाकारली.

चौकी बसायच्या आधीच फौज मागे घेण्याचा हुकूम आला. साहेबांनी वर लिहून पाहिलं, स्वतः जाऊन भांडून आले. कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. तो मंजूर झाला त्या दिवशी आम्ही त्यांना हार घातला, भाषणं ठोकली. असा माणूस पुन्हा होणे नाही, असं मीही बोललो. साहेबांनी हार काढून ठेवला आणि ते मणेरांच्या गावाकडे निघाले. मी सोबत होतो.

धोतर-सदऱ्यातल्या साहेबांना चाचांनी आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर म्हणाले, "साहेब, वर्दी?"

"दिली परत. आता मी इथंच राहणार, तुमच्या शेजारी."

चाचांनी पाणी दिलं, बाजेवर बसवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमी माणूस लई चांगले. पर आमी वर्दीकडं बघून आल्तो. चांगल्या माणसाला हे गाव भीत न्हाई."

साहेबांचा चेहरा उतरला. राजीनाम्यानं त्यांची अब्रू राहिली होती, चाचांच्या पदरात काहीच पडलं नव्हतं. आम्ही घातलेल्या हाराची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जवानांचे ट्रक निघाले, त्यांच्यामागे मणेरांच्या बैलगाड्या. सारं गाव ओट्यांवर उभं होतं. कुणी जा म्हणालं नाही, कुणी राहाही म्हणालं नाही. फक्त पाटलीणबाईंनी दारातून विचारलं, "चाचा, संक्रांतीला बांगड्या भराया येताल न्हवं?"

"बघू की, बाई," चाचा म्हणाले.

साहेब शेवटच्या गाडीमागून चालत होते. चाचांनी गाडीत बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. अंबडचा रस्ता लागेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. पुढे ते साताऱ्याकडे गेले म्हणतात. मला त्यांचा पत्ता मिळाला असता, पण मी कधी विचारला नाही. भेटून बोलायचं तरी काय होतं?