आरशावरची टिकली

बुधवारा मोहल्ल्यात आमच्यासमोर राहणारे काका पेपर मिलमधून रिटायर झालेत. बाहुल्या जमवतात आणि प्रत्येक वाक्य 'देखो भाऊ'ने सुरू करतात. काकू गेल्यावर मुलाने फोटोवरून त्यांची हुबेहूब बाहुली करवून पाठवली. साडीचे काठ, हनुवटीवरचा तीळ, सगळं होतं. काकांनी ती कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला ते खटकलं.

"देखो भाऊ, इतकी बारीक बनवली, की याद करायला काही बाकीच नाही राहिलं."

काल पाहिलं, तर कपाटात पुढे एक जुनी लाकडी बाहुली होती, डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके. काकू झोपताना टिकली काढून आरशावर लावायच्या. त्यांची शेवटची टिकली आता आरशावर नव्हती. ती लाकडी बाहुलीच्या कपाळावर होती, आणि कपाळाला मोठी होऊन तिने एक डोळा झाकला होता.