पोरींचे उपास

यवतमाळहून समतेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले तेव्हा माझ्या अंगात वारं संचारलं होतं. पंचवीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईला नवं काही शिकायला मिळालं की ती घरादाराला कसं सळो की पळो करून सोडते, हे माझ्या घरच्यांना विचारा. नवरा तर म्हणालाच, "आता मलेही समान वागवशीन काय?" मी त्याच्यावर भडकले, पण आतून खूश होते. आपल्याला काहीतरी कळलंय, असं वाटत होतं.

नेरच्या बाजूच्या एका मोठ्या गावात माझी शाळा. सातवीचा वर्ग माझ्याकडे. वर्गात एक मुलगी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती आणि हे माझ्याखेरीज तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तांडा लांब, बाप वणीकडे कोळशाचा ट्रक चालवायचा, ती गावात मामाकडे भाड्याच्या खोलीत राहायची. आडनाव ऐकून समोरच्याची जात ओळखण्यात आमच्याकडे पोरंटोरंही पटाईत. पण हिचं आडनाव असं, की बंजाऱ्यांतही असतं आणि मराठ्यांतही. मैत्रिणींनी आपल्या सोयीचं ते धरून घेतलं, हिने तो समज मोडला नाही. दुपारी पाच जणी डबे उघडून गोल बसायच्या आणि हिच्या लसणाच्या चटणीवर बाकीच्या तुटून पडायच्या. पोरीचं बरं चाललं होतं.

आणि मी तिचं भलं करायला निघाले.

'आपली बोली, आपला अभिमान' असा कार्यक्रम मी ठरवला. तिला बाजूला घेऊन म्हटलं, तू तुझ्या गोरबोलीत चार वाक्यं बोल, आजीचा फेटिया-कांचळी घालून ये, आरसे लावलेले ते कपडे किती देखणे दिसतात. ती खाली बघत म्हणाली, "नको ना मॅडम." मी म्हटलं, "अगं, लाज कशाची?" ती पुन्हा म्हणाली, "लाज नाही मॅडम, पण नको." ते 'पण' काय आहे, हे मी विचारायला हवं होतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि यादीत नाव लिहून टाकलं. बाईंनी सांगितलं म्हटल्यावर सातवीतली पोर किती वेळा नाही म्हणणार?

ती आली, बोलली. टाळ्या पडल्या. मी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकले, खाली फुलांची चित्रं आली. त्या रात्री मला छान झोप लागली, हे लिहितानाही कानशिलं तापतात.

कुणी तिला काही बोललं नाही. तसं कुणी बोलतच नाही आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी तिने चटणीचा डबा पुढे केला तर शेजारची म्हणाली, आज माझा उपास आहे. दुसरीचाही होता. मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी महाराजांचा, शनिवारी मारुतीचा, असे आठवडाभर त्या चौघींत उपास फिरत राहिले. मी व्हरांड्यातून बघत होते. उपासवाल्यांच्या डब्यात पोळी आणि वांग्याची भाजी होती.

मला संताप आला. तासाला मी अर्धा तास समतेवर बोलले, नाव न घेता. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळा वर्ग मान वळवून तिच्याकडेच बघत होता. तरी माझं समाधान झालं नाही. मी फर्मान काढलं, की उद्यापासून प्रत्येकीने प्रत्येकीच्या डब्यातला घास खायचा, मी समोर उभी राहणार. एक पोर तोंडात घास धरून रडायला लागली. तेव्हा तांड्यावरच्या त्या मुलीचा चेहरा असा झाला, जणू तिने काही चोरलंय आणि ती पकडली गेलीय.

दोन दिवसांनी त्या रडणाऱ्या पोरीचे वडील आले. कापूस-तूरवाले, आमच्याच नात्यागोत्यातले. बोलणं अगदी अदबीचं. "मॅडम, आमी काई भेदभाव पाळत नाई. पण खाण्यापिण्यात जबरदस्ती कायले करता? त्यायच्या घरी बोकड-बिकड शिजते." या गृहस्थाच्या घरी दर रविवारी काय शिजतं ते मला चांगलं माहीत होतं. जिभेवर आलं होतं. पण आलेलं गिळलं, कारण माझ्या भावाच्या शेतात तांड्यावरच्या बाया कापूस वेचायला येतात आणि त्यांच्या चहाचे कप गोठ्याच्या भिंतीवर वेगळे ठेवलेले असतात. इतकी वर्षं दिवाळीला मी ते कप बघत आलेय. भावाला मी कधी अर्धा मिनिटही समता शिकवली नाही. त्या दिवशी मी त्या गृहस्थांना चहा पाजून पाठवलं आणि स्वतःची किळस आली.

ती मुलगी आधी डबा आणेनाशी झाली, मग शाळेत येईनाशी झाली. पंधरा दिवसांनी तिची आई आली, तिचा दाखला न्यायला. आश्रमशाळेत टाकणार होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

मी म्हटलं, "ताई, असं मधूनच शाळेतून काढू नका. हुशार आहे पोरगी. मला थोडा वेळ द्या, मी मुलींना समजावून सांगते."

ती घाईघाईने म्हणाली, "नोका मॅडम, आता समजावू नोका. तुमी समजावलं तेव्हापासूनच ते एकटी पडली." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वर्गशिक्षिका म्हणून दाखला मीच भरायचा होता. नाव, जन्मतारीख, इयत्ता भरून झालं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. खरं कारण मला माहीत होतं आणि ते चार शब्दांत मावलंही असतं. मी लिहिलं, 'पालकांच्या इच्छेनुसार'. सगळ्यांच्या दाखल्यावर तेच लिहितो आम्ही.

तिने कागद जवळ घेतला आणि एकेक अक्षर जुळवत वाचला.

"माही इच्छा तं तिनं इथंच शिकावं, अशी होती," ती म्हणाली आणि सही कुठे करायची ते विचारलं.

मी बोट ठेवून जागा दाखवली.