रेणुकानं ‘भीती’च्या रकान्यात लिहिलेलं

मंडळी, दुपारपासून कशात लक्ष लागत नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमचा सात जणांचा एक ऑनलाइन खेळ आहे. त्यात चित्रं नाहीत, आवाज नाही. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून लिहायचं. पात्रांचे स्वभाव, सवयी, भीती ज्यानं-त्यानं लिहून द्यायच्या; त्यांचा तक्ता मी सांभाळते. आज तो नीट लावायला बसले आणि रेणुकाच्या पात्रापाशी थांबले. कॅसलरॉक गावची ही माझी मैत्रीण आमच्यात खेळायची, गेल्या वर्षी तापानं गेली.

तेवढ्यात रामनगरच्या बाजाराला आलेली तिची आई घरी डोकावली. मी कौतुकानं म्हटलं, "मावशी, रेणुकानं काय लिहिलंय ऐका," आणि वाचत सुटले. पात्र शिकारी बाईचं. स्वभाव धाडसी. सवय, चालताना गुणगुणायची. भीती, बाहेरून दार ओढून घेतल्याच्या आवाजाची.

मावशींनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ती ल्हान असताना तिला घरात ठिवून कामाला जाताना मीच दार ओढून घ्यायची. भ्या वाटतं काय म्हणून रोज विचारायची. न्हाई म्हणायची गं ती."

"खेळातलं आहे मावशी, मनानं रचलेलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. पण चहा तसाच ठेवून उठल्या, आणि जाताना आमचं दार सताड उघडं टाकून गेल्या.

ती भीती पात्राची होती की रेणुकाची, हे आता कुणाला विचारू? आणि खरं सांगा, तुम्ही असता तर ती ओळ वाचली असती का?