चर्चवरची चप्पल

आमच्या गावातलं जुनं चर्च रेल्वेच्या साहेबांनी बांधलं. भाजक्या विटांच्या हातभर जाड भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, पोर्चला खांब म्हणून उभे केलेले जुने रूळ आणि वर उतरतं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, छप्पर. हे सगळं मी कुणी न विचारता सांगतो. इतिहासाचा मास्तर आहे. समोरचे उठून जाऊ शकत नाहीत अशा ठिकाणी बोलायची सवय लागली आहे.

त्या छपराचे खरे मालक मात्र माझे वडील. आम्ही पोवार, धानाची शेती करणारे. पण बाबूजींच्या हाताला कवेलू फेरायची कला होती. दर उन्हाळ्यात चर्चवर चढायचं, माकडांनी फोडलेली कवेलू काढायची, बाकीची झाडून पुन्हा बसवायची. आत ते कधी गेले नाहीत. "आतमंदी आपलं काय काम? आपलं काम वरतं," म्हणायचे.

मग त्यांचे गुडघे गेले आणि चर्चच्या कमिटीनं टिनाचे पत्रे टाकायचं काढलं. बाबूजींचं जेवण कमी झालं. "टीन टाकला तं पावसात फादर काय बोलून राह्यला, थे देवाले तरी आयकू येईन का?" हा त्यांचा प्रश्न.

शेवटी कमिटीनं नागपूरहून जुन्या इमारतींच्या जाणकार मॅडम बोलावल्या. त्या म्हणतील तसं करायचं ठरलं. बाबूजींनी मला बजावलं, "तू बोलजो. पन कमी बोलजो."

मॅडम आल्या तेव्हा चर्चसमोर बाबूजी खुर्चीत होते आणि फादर शेजारी उभे. मी कमी बोललो नाही. कमानी झाल्या, रूळ झाले, विटा झाल्या. तेवढ्यात मॅडमनी दुर्बीण वर केली आणि थांबल्या. आढ्याच्या टोकाखाली तारेला काहीतरी काळं, चामड्याचं लोंबत होतं. "हे काय?"

मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पण 'माहीत नाही' म्हणेल तो मास्तर कसला!

"ही विलायती प्रथा," मी सांगितलं. "बांधकाम पूर्ण झालं की इंजिनिअर आपला बूट इमारतीला अर्पण करायचा."

मॅडम भराभर लिहू लागल्या. खुर्चीतून बाबूजी म्हणाले, "काहाचा इंजिनेर! माही चप्पल होय थे."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाबूजी मात्र रंगात आले. "एका सालच्या वादळात अर्धे कवेलू उडाले न बाई. येवढं देखनं घर, नजर लागनारच! मंग टांगली." आमच्याकडे नव्या घराला जुनी चप्पल टांगतातच. चर्चला ती चालत नसेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मी भीत भीत फादरकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "सीढ़ी तो मैंने ही पकड़ी थी।"

मॅडमनी माझ्या बुटावर काट मारली आणि बाबूजींच्या शेजारी बसल्या. छप्पर कसं फेरतात, हे त्यांनी दोन तास ऐकलं. मला चहा आणायला पाठवलं.

निकाल लागला: छप्पर राहू द्या, पण काम शिकलेला माणूस तयार करा. बाबूजींनी कमिटीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

म्हणून या वयात मी दर उन्हाळ्यात चर्चवर असतो आणि बाबूजी खाली कडुनिंबाच्या सावलीत. "कायले घाबरून राह्यला? कवेलू होय, शाळेची तपासनी नोहोय!"

यंदा त्या चपलेला हात लावला तर तिचा भुगाच झाला. आता नवी टांगायला हवी, म्हणून मी शिडीवरूनच माझी काढू लागलो.

"तुही राहू दे," बाबूजी ओरडले. "तुले अजून चढाचं आहे." ते हळूहळू वाकले, आपल्या पायातली एक काढली आणि शिडी धरून उभ्या फादरच्या हाती दिली. "हे बांध. मले आता कुठं चढाचं आहे?"

फादरनी ती वर पोचवली, मी तारेनं घट्ट बांधली. डोळे इतके भरले होते की शिडीची पायरी दिसेना.

"काऊन थांबला बे?" खालून आवाज आला. "दोन कवेलू वाकडे बसले तिकडचे!"