उत्तरेचं फाटक

कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लबाड अशा कायोटीवर बोलायचा नेब्रास्काच्या त्या टेकड्यांत ऑर्व्हल टीजनला अधिकार होता, आणि तो अधिकार तो सढळपणे वापरत असे. एकतीस हिवाळे तो दुसऱ्यांच्या रानांत शिकार करत आला होता. स्वतःची जमीन म्हणजे घरामागचा बटाट्याचा वाफा. म्हणून दर जानेवारीत तो प्रत्येक मालकाच्या मागच्या दाराशी जाऊन नव्याने परवानगी मागे. हातात बायकोने केलेली रानआलुबुखारांच्या जेलीची बरणी. पुढचं दार पाद्र्यांसाठी आणि विमेवाल्यांसाठी असतं, असं तो म्हणे.

दुसरा नियम फाटकांचा. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर बंद. हे त्याने न्हाव्याकडे, चर्चच्या जेवणावळीत आणि म्हाताऱ्या क्रामबेकच्या अंत्यविधीतसुद्धा लोकांना समजावलं होतं.

क्रामबेकच्या मागे रान आता पुतणी जोलीन बघत होती. ते रान हातचं गेलं असतं तर बाकीच्या चार रानांत ऑर्व्हलचा हिवाळा निघाला असता. पण नुसता निघाला असता.

“या ऑर्व्हल,” जोलीनने मागचं दार उघडलं. “जेली ठेवा तिथे. नाताळाआधीच्या मंगळवारी तुम्ही आमच्या रानात होतात?”

“होतो. तुझ्या काकांची परवानगी वर्षअखेरपर्यंतची होती.”

“काका ऑक्टोबरात गेले.”

“ते मी हिशेबात धरलं नाही खरं.”

“त्या दिवशी कुणीतरी पाण्याकडे जायचं उत्तरेचं फाटक लावून टाकलं. बावीस गाई दीड दिवस पाण्यावाचून बर्फ चाटत उभ्या. ती लुडेके भावांचीच करणी, कुत्री घेऊन शिकारीला हिंडतात ना! परवा फोनवर मी त्यांची अशी सालटी काढली!”

ऑर्व्हलने कॉफीचा घोट घेतला. तारेचं फाटक उघडं ठेवायचं तर खांबावरून सोडवून जमिनीवर आडवं टाकतात; ते तसंच बर्फात पडलेलं त्याने पाहिलं होतं. वाऱ्याने पाडलं असेल असं समजून त्याने ते उचललं, खांबाला अडकवलं आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिला होता. आता गप्प राहिलं की काम भागत होतं. लुडेके भावांना शिव्या खायची सवयही होती.

“मी लावलं ते,” तो म्हणाला.

“तुम्ही?” जोलीन बघतच राहिली. “काकांच्या शवपेटीशेजारी उभं राहून तुम्ही मला फाटकांवर वीस मिनिटं ऐकवलंत!”

“पंधरा.”

जोलीन हसली नाही. खिडकीतून दक्षिणेकडे बघत म्हणाली, “गाभण गाईंच्या कुरणाशी तीन कायोटी घुटमळतायत. मार्चपासून वासरं होतील. माणूस मला हवाच आहे. पण एक अट.”

“बोल पोरी.”

“लुडेकेंना फोन तुम्ही करायचा. आत्ता, माझ्यासमोर.”

बर्फात पाच तास पालथं पडून राहायचं असतं तर ऑर्व्हलने पापणी हलवली नसती. त्याने फोन लावला, खरं ते सांगितलं आणि रिसीव्हर कानापासून लांब धरला. जोलीनने बरणी उघडून पावावर जेली फासली.

“अजून हसतायत?”

“दोघं आहेत. आळीपाळीने चाललंय.”

“झालं की जा रानात. पुढच्या जानेवारीत परत विचारायला या.”

“ते तू सांगायला नको.”

तासाभरात तो वाऱ्याकडे तोंड करून घळीच्या काठावर बसला होता. लाकडी शिट्टीतून जखमी सशाची किंकाळी काढली की कायोटी यायचाच, त्याबद्दल त्याला कधीच शंका नव्हती. सतराव्या मिनिटाला एक आला. दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही.

परतताना उत्तरेचं फाटक बर्फात आडवं पडलेलं होतं. ऑर्व्हल गाडीतून उतरला, दोन्ही हात खिशात घातले आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग परत गाडीत बसला.

त्या रविवारी चर्चच्या जेवणावळीत त्याने नियमाला पुरवणी जोडली: पडलेलं फाटकही उघडंच धरायचं. “चांगले अनुभवी लोकसुद्धा इथे चुकतात,” त्याने शेजाऱ्याला समजावलं. शेजारी लुडेकेंपैकी थोरला होता.