लेबल नसलेल्या बाटल्या

काचेचा ड्रम ठेवायची कल्पना माझीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला बोट दाखवायची तसदी नको.

बोरगाव मेघेतल्या आमच्या कॉलनीत आम्ही काही रिकामटेकडी माणसं मिळून कचऱ्याचं काम करतो. रिकामटेकडी हा शब्द माझ्या नवऱ्याचा. मी सेवाग्रामला दवाखान्यात नर्स होते, तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. दोघंही निवृत्त झालो आणि दिवसभर घरात एकमेकांच्या पायात यायला लागलो, तेव्हा हे सुरू केलं. पद्धत सोपी आहे. चौकातल्या दुकानांसमोर एकेक निळा ड्रम ठेवलेला असतो. किराणा दुकानासमोर पुठ्ठ्याचा, चहाच्या हॉटेलासमोर दुधाच्या पिशव्यांचा, मेडिकलसमोर प्लास्टिकच्या डब्यांचा. दुकानदार ड्रमवर लक्ष ठेवतात. शनिवारी सकाळी किराणावाल्याच्या गोदामामागच्या अंगणात आम्ही सगळं ओततो, निवडतो, आणि भंगारवाला त्याची गाडी घेऊन येतो. कुणाला पगार नाही, कुणाला साहेबपणा नाही. साहेबपणा थोडासा मी करते, पण तो वॉर्डातून आलेला आहे, जाता जात नाही.

लोक लोणच्याच्या फुटक्या बरण्या, सॉसच्या नि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सरळ घंटागाडीत टाकतात आणि गाडीवरच्या माणसांचे हात कापतात. असे हात मी नोकरीत पुष्कळ धुतले, बांधले. म्हणून बैठकीत म्हटलं, काचेचा एक वेगळा ड्रम ठेवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. किराणावाल्याने जागा दिली, दुकानाच्या बाजूच्या बोळात. त्या बैठकीत बसलेला प्रत्येक जण याच जिल्ह्यात वाढलेला. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आणि ती इतकी जुनी की आम्ही ती हवेसारखी गृहीत धरतो. त्यामुळे दारूची बाटली हा काचेचा एक प्रकार आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. जी वस्तू जिल्ह्यात नाहीच, तिचा कचरा कसा असेल?

पहिल्या शनिवारी ड्रम आडवा केला. वर शिष्टाचाराला ठेवल्यासारख्या लोणच्याच्या दोन बरण्या होत्या, आणि खाली दारूच्या लहान-मोठ्या बाटल्या, पव्वे, अद्धे, खंबे. खळाळत अंगणभर पसरले. आम्ही सगळे भोवती उभे, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. शेवटी किराणावालाच बोलला. तो आमच्याहून वीसेक वर्षांनी लहान, आम्हाला काका-काकू म्हणतो.

"काकू, एक गोष्ट मात्र हाय. नाली साफ झाली."

खरंच होतं ते. दारूबंदीच्या जिल्ह्यात भरलेली बाटली मिळवणं एक वेळ सोपं, रिकामी टाकणं अवघड. घंटागाडीत टाकावी तर शेजारी बघतात, घरात ठेवावी तर पाहुणे बघतात. मग ती नालीत जाते, नाहीतर दुसऱ्याच्या रिकाम्या प्लॉटवर. आमच्या ड्रमने अख्ख्या कॉलनीची अडचण दूर केली होती. बोळ अंधारा, ड्रमाला झाकण, विचारणारं कुणी नाही. अशा सोयीची जागा लोकांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाली असावी.

"पोलिसायनं पाह्यलं त मलेच विचारतीन ना," किराणावाला म्हणाला. भंगारवाला मात्र हसला आणि म्हणाला, काच ती काच. ड्रम राहिला.

पण पुढच्या शनिवारांना एक खेळ सुरू झाला. निवडता निवडता बायका लेबलं वाचायला लागल्या. ही महागाची आहे, ही नागपूरहून आणलेली, ही त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातली, तिथेच परवा पार्टी होती. हसून हसून पुरेवाट व्हायची. मीही हसले, खोटं कशाला बोलू. आमच्यात एक बाई होती, शेतीच्या कुटुंबातली, हात फार चपळ. एका शनिवारी तिच्या हातात एक पव्वा आला. कुणीतरी म्हणालं, या छापाच्या तर दर आठवड्याला ढिगाने निघतात, कोणाचा नवरा आहे कोण जाणे. ती हसली नाही. पव्वा हळूच पोत्यात ठेवला, घरी दूध उतू जाईल म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, कापणी चालू असेल.

आणि मग लेबल नसलेल्या बाटल्या यायला लागल्या.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो प्यायचा. लग्नानंतर दहा-बारा वर्षं प्यायला, आणि जिल्ह्यात बंदी आहे याचा त्याला काडीचा त्रास झाला नाही. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. नुसता मोरीच्या पायरीवर बसून प्यायचा आणि पिता पिता अंगठ्याच्या नखाने बाटलीचं लेबल सोलायचा. अख्खं, न फाडता. मशीनवर काम करणाऱ्या माणसाची बोटं, त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं. पाण्याच्या टाकीमागे, तांदळाच्या पिंपात, कुठेही मला तशी गुळगुळीत, नागडी बाटली सापडायची, आणि ती माझ्याच घरची आहे हे मला दुरून कळायचं. मग त्याने सोडली. कशी सोडली ती मोठी गोष्ट आहे आणि ती त्याची आहे. सोडताना आमच्यात एकच करार झाला होता. मी हुंगणार नाही, तो लपवणार नाही. एवढी वर्षं दोघांनी तो पाळला.

तर ड्रममध्ये पहिली सोललेली बाटली निघाली, तेव्हा मी ती उलटसुलट करून पाहिली. म्हटलं, सोलणारे काय जगात एकटेच आहेत का. पुढच्या शनिवारी आणखी निघाल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. मी त्या कुणाला दिसू नयेत म्हणून पोत्यात खाली सारायचे, आणि नवरा पलीकडे पुठ्ठे बांधत शीळ घालत असायचा. तो खुशीत असला की पूर्वीपासून मला जास्त भीती वाटते.

मग नर्सचं नाक जागं झालं. त्याचा टॉवेल हुंगला, शर्ट हुंगला, तोंडात बडीशेप आहे का बघितलं. काही नाही. पण माणूस पहाटे फिरायला नेहमीपेक्षा लवकर जायला लागला होता, आणि नाश्त्याला बसला की अंगठ्याच्या नखाखाली पांढरट डिंक दिसायचा. एकदा तर चंदेरी कागदाचा कण. मी पोह्यांची बशी त्याच्यासमोर ठेवली ती अशी आपटून की तो म्हणाला, "अवं, पोह्यायनं काय केलं तुयं?"

विचारायला काय झालं होतं, असं वाटेल कुणाला. पण ज्या घरात हा प्रश्न एकदा रोजचा होता, त्या घरात तो परत विचारणं म्हणजे ते सगळे दिवस परत बोलावणं. त्याने नाही म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता, हो म्हटलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नव्हतं. या वयात पुन्हा ते टाकीमागे शोधणं, त्याच्या पावलांच्या आवाजावरून दिवस ओळखणं. माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती. म्हणून मी गप्प बसले आणि चिडचिड करत राहिले. किराणावाल्यावर, भंगारवाल्यावर, चहात साखर जास्त म्हणून हॉटेलवाल्यावरही.

असे काही आठवडे गेले. मग एका शनिवारी ड्रम आडवा केला आणि बाटल्या नेहमीसारख्या खळाळत पसरल्या. सगळ्याच्या सगळ्या सोललेल्या. पव्वे, अद्धे, खंबे, एकावरही कागदाचा कपटा नाही. बायका लेबल शोधत राहिल्या आणि कंटाळून दुधाच्या पिशव्यांकडे वळल्या.

मी त्या ढिगाकडे बघत उभी राहिले. पहिला विचार आला, बाई गं, आता रोज एवढी? आणि दुसऱ्याच क्षणी मला हसू फुटलं. अहो, एवढी एकट्याने प्यायली असती तर माणूस पुठ्ठे बांधायला उभा तरी राहिला असता का? दवाखान्यात नेऊन कधीच सलाईन लावावी लागली असती. मी आयुष्यभर औषधाचे डोस मोजले आणि भीतीपोटी एवढा साधा हिशेब मला आठवडेच्या आठवडे सुचला नव्हता. उलट्या क्रेटवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं. बाजूच्या बायकांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, चहा पाजा कोणीतरी.

पण डिंक तर त्याच्याच नखात होता. म्हणून किराणावाल्याला बाजूला घेतलं.

"हे कोन सोलून राह्यलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमाले मालूम नाई? काका रोज सकाळी ड्रममधल्या बाटल्या घेऊन गोदामात बसते ना. मले वाटलं तुमीच धाडता त्यायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा चपला घालत होता, तेव्हा मीही घातल्या.

"तू काऊन?"

"चालाले."

थोडं अंतर इकडेतिकडे चाललो, कापसाच्या शेताच्या कडेने, मग चौकात आल्यावर त्याचे पाय मंद झाले. मीच गोदामाकडे वळले. तो मागून आला.

आत पाण्याने भरलेली लोखंडी घमेली होती आणि घमेल्यात बाटल्या. किराणावाला समोर बसून साखरेच्या पुड्या भरत होता. मला पाहिल्यावर त्याने गोणी झटकून दिली. नवऱ्याने रुमाल काढून नाकावर बांधला, मांडी घातली आणि पहिली बाटली उचलली.

"वासाचं काय?" मी विचारलं.

"येते. खोटं काऊन बोलू? म्हणून त याले बसवतो समोर. पयल्याच दिवशी सांगतलं, मी एकटा दिसलो त मले हाकलून देजो."

"एक डाव हाकललं बी," किराणावाला पुड्यांकडे बघत म्हणाला. "मले याले उशीर झाला न काका आधीच येऊन दारात उभे होते. म्हटलं, आज सुट्टी, घरी जा."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू येऊ देली असती का?"

नसतं येऊ दिलं. दारूच्या रिकाम्या बाटल्यांशी बसायला त्याला मी जन्मात पाठवलं नसतं. त्याने लपवलं म्हणून रागावणार होते, पण मी त्याचे शर्ट हुंगत होते हे आठवलं आणि राग तिथेच बारगळला.

"पन हे कायले करता? भंगारवाला त काच म्हनून नेतेच."

नखाखालून लेबल सुटत होतं. तेवढं पूर्ण निघेपर्यंत तो थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते पव्वा ठेवून गेली ना, ते बाई येत नाई आता. त्या दिवशी पाह्यलं म्या तिचं तोंड. तू माया पव्वा लांबून ओळखत होती. कोनाला सांगत नव्हती, पन ओळखत होती. दुसऱ्याच्या बायकोले चार जनीच्या समोर आपल्या घरचा पव्वा ओळखू याले नाई पाह्यजे."

किराणावाला साखर भरायचं थांबला. मी पदराने नाक पुसलं आणि ते कुणी पाहिलं तरी मला चालणार होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मोरीच्या पायरीवर बसलेल्या त्या माणसाला माझं तोंड कधी दिसलंच नाही. त्याला ते दिसलं होतं, आणि त्याने ते जपून ठेवलं होतं.

मी गोणी ओढून त्याच्या शेजारी बसले. त्याने घमेल्यातला एक अद्धा माझ्याकडे सरकवला. मी नख लावलं.

"वरच्या कोपऱ्यातून धर," तो म्हणाला. "खालून घेतलं की फाटते."

"मालूम हाय मले. बारा वर्षं मोरीच्या दारातून तेच त पाह्यलं."

बोलून गेले आणि दचकले. पण तो रुमालातून हसला, खांदे हलेपर्यंत हसला, आणि मग मीही. त्या दिवसांवर आम्ही दोघं मिळून हसलो ते पहिल्यांदाच.